तीस तासांची किल्ली

कोपरीच्या मिठागराची कचेरी मोडली
तेव्हा बापाने मजुरीच्या बाकीत
एक घड्याळ आणलं, गोणपाटात गुंडाळून.
आई म्हणाली, हे काय आता भातात घालू?

टेंभी नाक्याच्या आतल्या अंगाला
रहमीम अष्टमकरांचं दुकान, दीड माणूस मावेल एवढं.
त्यातलं अर्धं माणूस मी. वय चौदा.
ब्रशने धूळ काढायची, स्क्रू बशीत मोजून ठेवायचे
आणि शिंकायचं नाही.

त्यांनी मागची फळी सरकवली.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आत पितळ नव्हतंच.
चाकं लाकडाची, दाते लाकडाचे,
शिसवी नाही, सागाचे नाहीत,
कुठल्या तरी तिकडच्या फळझाडाचे, तांबूस.
"म्हणून वाचलं," ते म्हणाले,
"मिठाने ह्याचं खायचं काय?"

आणि फळीच्या पाठीवर पेन्सिलीने: एलियाकीम.
खाली आकडा, दोनशे बारा.
त्याच्याही खाली एक वजाबाकी,
हातचा विसरलेली.

"अगं, हे तर माझ्या चुलत्याचं नाव!
पेणला घाणा होता त्याचा."
अमेरिकेतला गोरा, चर्चमध्ये बोडक्या डोक्याने बसणारा,
पण त्याच्या आईने नाव काढलं ते आमच्या पोथीतून.
त्या दिवसापासून तो आमचा एलियाकीमकाका.

काका थंडीत चाकं कापायचा.
नदी गोठली की पाणचक्की बंद, मग हाताने.
बर्फ वितळला की घोड्यावर चार घड्याळं लादून
गावोगाव, दारोदार.
कोणी पैसे दिले, कोणी लोकर, एकीने नुसतंच जेवण.
वजनाचे डबे तो रिकामे न्यायचा:
वाळू ज्याची त्याने भरायची.
हे त्यांना कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.
लाकडावरून बोट फिरवत बोलायचे,
त्यामुळे खरंच वाटायचं.

इथे कसं आलं? "बर्फाच्या जहाजातून असेल.
भुशात बर्फ, भुशात घड्याळ.
बर्फ साहेबांनी पिऊन टाकला."

डबे उघडले.
एकात आपल्या खाडीची रेती, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट.
दुसऱ्यात राखाडी खडे, इथल्या कुठल्याच ओहोळाचे नव्हेत.
सोनाराच्या तराजूत फरक दीड तोळ्याचा निघाला.
त्यांनी तसाच राहू दिला.
वजाबाकीलाही हात लावला नाही.

एक दाता तुटला होता.
ते घरी गेले, चुलत्याच्या घाण्याचा उरलेला तुकडा घेऊन आले,
तीन दिवस कानशीने घासत बसले.
मी तेलाची कुपी पुढे केली.
"लाकडाला तेल नको, पोरी.
आणि ह्याने तर चार पिढ्यांचं पिऊन ठेवलंय."

घड्याळ चाललं.
पावसात फुगायचं, दिवसाला पाव तास मागे.
"काकाला ही हवा कुठे ठाऊक होती," म्हणायचे,
आणि काटा हलकेच पुढे ढकलायचे.

एका शुक्रवारी त्यांनी बोटांवर हिशोब केला.
एका किल्लीत तीस तास.
दिवेलागणीच्या आधी, सहाला दिली,
शनिवार सगळा हात न लावता,
आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत,
आणि वर पाच तास शिल्लक.
कितीतरी वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "शनिवार तेल्यांसाठीच केलंय बघ त्याने.
त्याला माहीत नसेल, ते वेगळं."

चांदण्या उगवल्या की किल्ली देता आली असती.
देत नसत. "आहेत अजून. घाई काय?"

ते लोदला गेले, मुलाकडे, सामान पेट्यांत भरून.
घड्याळ इथेच राहिलं. बाकीत आलेलं, माझंच.
आता घोडबंदर रोडला, सतराव्या मजल्यावर,
भिंतीत ड्रिल मारायला सोसायटीची परवानगी काढून लावलंय.

शुक्रवारी सहाला किल्ली देते.
मी आगरी, मला शनिवार काय, रविवार काय.
शनिवारी मध्यरात्री ते थांबतं.
कधीकधी त्या थांबण्यानेच जाग येते.
उठत नाही.
सकाळी चहा टाकते, दूध उतू जाऊ देत नाही,
मग किल्ली.